माकडं बघायची राहिली

परवा कॅन्टीनमध्ये टीममधल्या एका नव्या मुलाने लॅपटॉप उघडून एक्सेल शीट दाखवली. ग्रीसचा प्लॅन. चार दिवसांची क्रूझ, पाच बेटं आणि मध्ये एक तुर्की बंदर. प्रत्येक बेटासमोर तीन-तीन जागा, आणि शेवटच्या रकान्यात 'फोटो' असं लिहून टिक करायला चौकट. "तू जाऊन आलायस ना? काही राहिलं असेल तर सांग," म्हणाला.

राहिलंय तर बरंच. पण ते त्याच्या शीटमध्ये बसणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

तर मंडळी, ऑगस्ट २०२४ मध्ये अस्मादिक हीच क्रूझ करून आले. पिरेयसहून निघायचं, मग मिकोनोस, कुशादासी, पॅटमॉस, ऱ्होड्स, क्रीट, सांतोरिनी आणि परत पिरेयस. आल्यावर तीनशे फोटो चढवले, लाइक्स मोजले, आणि महिनाभर "ग्रीस केलं" असं सांगत फिरलो. आता मला त्या 'केलं'ची लाज वाटते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायचंय त्यांना इथूनच सुरुवात करता येईल: आपण ज्या पद्धतीने ग्रीक बेटं 'करतो', त्यापेक्षा ती न केलेली बरी.

शेवटच्या दिवशी दुपारी उशिरा बोट सांतोरिनीला लागली. छोट्या होडीतून जुन्या बंदरात, तिथे केबल कारची रांग, वर फिरा गावात ईयाच्या बसची रांग. (स्पेलिंग वाचून आम्ही सगळे 'ओइया ओइया' करत होतो.) ईयाला पडक्या किल्ल्याच्या भिंतींवर संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर असते तशी गर्दी. एका घराच्या पायरीवर 'इथे बसू नका' अशी पाटी होती आणि त्या पाटीखाली दहा-बारा जण बसले होते. मीही बसलो. शेवटच्या होडीची वेळ झाली म्हणून सूर्य अर्धा वर असतानाच बसकडे पळालो. म्हणजे ज्यासाठी गेलो ते सुद्धा अर्धंच.

आता मी बसलो कुठे होतो ते ऐका. ९ जुलै १९५६ च्या पहाटे या बेटावर मोठा भूकंप झाला. पन्नासहून जास्त माणसं गेली, शेकडो घरं पडली, आणि नंतर कितीतरी कुटुंबं बेट सोडून गेली. ज्या 'केव्ह हॉटेल'च्या एका रात्रीला आपला अर्धा पगार जातो, तशी घरं मुळात ज्वालामुखीच्या राखेच्या कड्यात कोरलेली, साध्या खलाशांची. कप्तानांचे वाडे वर, खलाशी खाली कड्याच्या पोटात. भूकंपानंतर ओस पडलेली ही घरं १९७० च्या दशकापासून ग्रीसच्या सरकारी पर्यटन संस्थेने दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडायला घेतली. वॉलपेपरवर दिसतं ते हे गाव. एकदा कोसळलेलं आणि पुन्हा उभं केलेलं. मी त्याच्या पायरीवर बसून 'ब्लू डोम कुठून चांगला येतो' हे विचारत होतो.

आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे अक्रोतिरी. इ.स.पू. १६०० च्या आसपास इथला ज्वालामुखी फुटला आणि एक अख्खं शहर राखेखाली गेलं. १९६७ साली स्पिरिदोन मारिनातोस यांनी ते खणायला घेतलं. १९७४ मध्ये तिथेच, खोदकामावर असताना, त्यांचा मृत्यू झाला. फरसबंद रस्ते, दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालून गटारं, वरच्या मजल्यावर संडास आणि त्यातून खाली जाणारी मातीची नळी. साडेतीन हजार वर्षांपूर्वी! माझ्या भाड्याच्या फ्लॅटचं प्लंबिंग बघून ज्याने कपाळावर हात मारलाय, त्याला हे बघायला नको?

पण मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच. अक्रोतिरीत माणसांचे सांगाडे सापडलेले नाहीत. उद्रेकाआधी भूकंपाचे धक्के बसले, लोकांनी पडझड आवरायला घेतली, पलंग घराबाहेर काढले, आणि मग सगळं तसंच टाकून ते निघाले. कुठे गेले, किती वाचले, काही ठाऊक नाही. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच बेटावर पुन्हा हजारो धक्के बसले, शाळा बंद झाल्या, ११ हजारांहून जास्त लोक बोटींनी आणि विमानांनी बाहेर पडले. त्या बातम्या मी ऑफिसात डब्यासमोर बसून बघितल्या, तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की अरे, तिथे माणसं राहतात.

आता माकडं. अक्रोतिरीच्या एका खोलीच्या भिंतीवर निळी माकडं रंगवलेली सापडली. खडकांवर चढणारी, लांब शेपट्या वर उचललेली. ग्रीसमध्ये तर माकडं नाहीत! २०१९ मध्ये पुरातत्त्व आणि प्राणिशास्त्र अशा दोन्हीकडच्या अभ्यासकांच्या एका गटाने मांडलं, की शेपटीची ठेवण आणि अंगकाठी बघता ही लंगूर असावीत. म्हणजे आपल्याकडची काळतोंडी वानरं. आता ही वानरं आपल्या उपखंडातली; तेव्हा सिंधू खोऱ्यापासून मेसोपोटेमियामार्गे चालणाऱ्या व्यापारातून ती, किंवा निदान त्यांची ओळख, इतक्या दूर पोचली असावी, असा त्यांचा अंदाज. सगळ्यांना पटलाय असं नाही, पण काय अंदाज आहे! घाटात गाडीच्या टपावर बसून केळं मागणारं वानर, इजियन समुद्रातल्या एका भिंतीवर.

हे चित्र फिरा गावातल्या संग्रहालयात आहे. बसस्टॉपपासून जवळच. त्याच बसस्टॉपवर मी पाऊण तास ईयाच्या बससाठी उभा होतो. संग्रहालय तेव्हा उघडं होतं की बंद, एवढंही मी बघितलं नाही. माझ्या शीटमध्ये ते नव्हतंच.

बरं, ही गोष्ट एकाच बेटाची असती तर सोडून दिली असती. मिकोनोसला बोट संध्याकाळी लागली. गल्ल्या, पवनचक्क्या, फोटो. तिथून होडीने अर्ध्या तासावर डेलॉस नावाचं बेट आहे, पण तिथे जायचं तर सकाळी. डेलॉस म्हणजे अपोलोचं जन्मस्थान. अथेन्सवाल्यांनी इ.स.पू. ४२६ मध्ये तिथली सगळी थडगी उकरून शेजारच्या बेटावर नेली आणि हुकूम काढला, की या पवित्र बेटावर कोणी जन्मायचं नाही आणि कोणी मरायचं नाही. पुढे रोमच्या काळात हेच पवित्र बेट करमुक्त बंदर झालं आणि गुलामांचा मोठा बाजार. इथे दिवसाला दहा हजार गुलाम आणून विकता येत, असं स्ट्राबो हा भूगोलकार लिहितो. आमच्या भाषेत थ्रूपुट; फक्त माल म्हणजे माणसं. देवस्थान आणि बाजार एकाच आवारात, हे आपल्याला समजायला खरं तर सोपं. पण आम्ही होतो पवनचक्कीपाशी.

ऱ्होड्सला तर वेळ होता, अख्खा दिवस. जुन्या तटबंदीच्या शहरात एक चौक आहे, मधोमध समुद्री घोड्यांचं कारंजं. तिथे बसून मी आइस्क्रीम खाल्लं, फ्रिजवर चिकटवायचं मॅग्नेट घेतलं. घरी आल्यावर फोटो मोठा करून बघितला, तर मागे काळ्या दगडाचा एक स्तंभ. त्या चौकाचं नाव 'ज्यू हुतात्म्यांचा चौक'. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी ऱ्होड्समधल्या ज्यूंना गोळा केलं आणि बोटींत भरून आउशवित्झला पाठवलं. १,६०० हून जास्त माणसं. परत आली सुमारे १५०. मॅग्नेट अजून फ्रिजवर आहे. काढावंसं वाटतं, पण मग वाटतं, राहू दे, दिसू दे रोज.

आता तुम्ही म्हणाल, "अरे बाबा, सुट्टीवर जातो आम्ही, इतिहासाचा पेपर द्यायला नाही." मान्य. मलाही सनावळ्या पाठ होत नाहीत. पण मग समुद्रकिनाऱ्यावर नुसते पडून राहा ना! त्याला माझी काहीच हरकत नाही. आपण काय करतो, तर विश्रांतीही घेत नाही आणि बघतही नाही. नुसती टिक मारतो. आमच्या धंद्यात हिरवी टिक आली म्हणजे टेस्टिंग झालं असं समजणाऱ्याला आपण काय म्हणतो, आठवा.

दुसरा मुद्दा, "आपण पैसे देतो, त्यावरच त्यांचं पोट चालतं." हेही खरंच. पण क्रूझवाला जेवतो बोटीवर, झोपतो बोटीवर. खाली उतरून पाणी, रस्ता आणि जागा वापरतो. सांतोरिनीची वस्ती सुमारे १५ हजार. २०२३ मध्ये तिथे आले सुमारे ३४ लाख. नोकरीला आलेल्या शिक्षकांना, डॉक्टरांना राहायला घर मिळत नाही, कारण घरं पाहुण्यांना दिलेली. जुलै २०२४ मध्ये एका स्थानिक पदाधिकाऱ्याने फेसबुकवर रहिवाशांनाच सांगितलं, की आज बोटींतून हजारो लोक उतरणार आहेत, शक्यतो बाहेर फिरू नका. लोक भडकले आणि ती पोस्ट काढावी लागली. आपल्याच गावात कोणी आपल्याला असं सांगितलं तर? पुढे २०२५ पासून बोटीच्या प्रवाशांवर दिवसाला ८ हजारांची मर्यादा आली आणि ऐन हंगामात माणशी २० युरो कर. पण कर भरला म्हणजे बघणं आपोआप होत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात खरा: "पुन्हा कोण जाणार? व्हिसा, तिकीट, सुट्ट्या..." अहो, पुन्हा जाणं होणार नाही म्हणूनच तर! पाच बेटं ओझरती बघण्यापेक्षा दोन बघा. साध्या फेरीबोटीने जा. मे किंवा ऑक्टोबरमध्ये जा. सांतोरिनीत दोन रात्री राहा: एक सकाळ अक्रोतिरीला, एक संग्रहालयाला. संध्याकाळी मिळाला सूर्यास्त तर बघा, तो कुठूनही दिसतो, फक्त कोणाच्या दारात बसू नका. मिकोनोसला गेलात तर सकाळची डेलॉसची होडी पकडा, आणि सोबत पाणी न्या.

त्या मुलाला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, शीटमध्ये एक ओळ वाढवली, 'माकडं', आणि पुढे टिकसाठी चौकट केली.

असो. मी मात्र मे महिन्याच्या सुट्टीचा अर्ज टाकलाय. एकच बेट. मॅनेजरचं उत्तर अजून यायचंय.