बाजार कोसळतो तेव्हा घर कोण सावरते?

शेअर बाजार हा आपला विषय नाही, असे आपल्या चळवळीत बऱ्याच जणी मानतात. तो श्रीमंतांचा खेळ, फार तर नवऱ्यांचा नाद. आपण रेशन, मजुरी, हिंसाचार याबद्दल बोलावे. एके काळी हे म्हणणे चालून गेले. आज ते धरून बसणे परवडणारे नाही. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती. मार्च २०२४ पर्यंत ती पंधरा कोटींच्या वर गेली. ही सगळी खाती काही मलबार हिलवरची नाहीत. तालुक्याच्या गावातला शिक्षक, एसटीचा कंडक्टर, मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा यांच्या खिशातल्या फोनवर बाजार येऊन पोचला आहे. आणि ज्या घरात तो आला, त्या घरात बाईही राहते.

हे सगळे लोभापायी झाले, असे म्हणून आपण मोकळ्या होतो. पण त्यात सरकारी धोरणाचाही हात आहे. नव्वदच्या दशकात पीपीएफवर १२ टक्के व्याज मिळे. २००० सालापासून ते उतरत गेले आणि एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आले. तेव्हा महागाईही जास्त होती हे खरे. तरीही पोस्टात पैसे टाकत राहिले की मुलीचे शिक्षण निघेल, हा जो भरवसा होता तो ओसरला. ठेवीवर व्याज कमी, पेन्शन नाही, दवाखान्याचा खर्च वाढता. अशा वेळी ‘पैसा कामाला लावा’ ही जाहिरात पटू लागते. नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीतला काही भागही ऑगस्ट २०१५ पासून शेअर बाजारात गुंतवला जातो. म्हणजे जिने जन्मात शेअर पाहिला नाही, अशा कामगार बाईच्या म्हातारपणाचा एक तुकडाही तिथे अडकलेला आहे.

आता या बाजाराची दोरी कोणाच्या हातात आहे ते पाहू. सप्टेंबर १९९२ मध्ये परकीय वित्तसंस्थांना आपल्या शेअर बाजारात पैसे गुंतवायची परवानगी मिळाली. तेव्हापासून अमेरिकेत व्याजाचा दर काय आहे, यावर मुंबईचा बाजार बराच हलतो. हिशेब साधा आहे. तिथे व्याज अगदी कमी असेल, तर जास्त कमाईसाठी तिथला पैसा आपल्याकडे येतो. तिथे व्याज वाढले की तो परत फिरतो. जाताना तो शेअर विकतो, म्हणून भाव पडतात. हाती आलेले रुपये देऊन डॉलर घेतो, म्हणून रुपयाही पडतो. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. रुपया पडला की तेल महागते, त्यामागोमाग वाहतूक आणि भाजीपाला. ज्या घराचा शेअर बाजाराशी काडीचा संबंध नाही, त्या घरालाही हा फेरा चुकत नाही.

गेल्या काही वर्षांत हे आपण वारंवार पाहिले. अमेरिकेतल्या घरकर्जांचा फुगा फुटला आणि जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर पोचलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात साडेआठ हजारांच्या आसपास आला. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने बाजारात पैसा ओतणे कमी करण्याचे नुसते सूतोवाच केले, तर ऑगस्टअखेरीस डॉलर ५५ रुपयांच्या आसपासवरून ६८ रुपयांवर गेला. कोरोनाच्या वेळी २३ मार्च २०२० या एका दिवसात सेन्सेक्स १३ टक्के कोसळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये परकीय संस्थांनी ९० हजार कोटींहून अधिक रुपयांचे शेअर विकून टाकले. त्याच महिन्यात आपल्या देशातल्या लोकांनी म्युच्युअल फंडांच्या मासिक हप्त्यांत २५ हजार कोटींवर रुपये भरले. परदेशी पैसा बाहेर पडत होता आणि आपल्या घरांतले हप्ते त्याची जागा भरून काढत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा आयात कर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा बाजाराचे काय होणार याची चर्चा सगळीकडे झाली. तिरुपूरच्या कपडा कारखान्यांत शिलाई करणाऱ्या बायकांच्या कामाचे काय होणार, ही चर्चा त्या मानाने कितीतरी कमी झाली.

यावर बाजाराची माहिती असलेले लोक म्हणतात, घाबरायचे कशाला? प्रत्येक पडझडीनंतर बाजार पुन्हा वर आलाच ना? आलाच, हे मान्य केले पाहिजे. ज्याने २००८ किंवा २०२० मध्ये शेअर न विकता धीर धरला, त्याला पुढे बहुधा फायदाच झाला. पण तो फायदा ज्याला थांबता आले त्याचा. आणि थांबण्याची ऐपत सगळ्यांना सारखी नसते. मोठ्या वित्तसंस्थेला एका दिवसात पैसे काढून दुसऱ्या देशात नेता येतात. पगार चालू असलेल्या घरालाही पाच वर्षे कळ काढता येते. परंतु बाळंतपण, शाळेची फी, सासूचे ऑपरेशन यांच्या तारखा सेन्सेक्सला विचारून ठरत नाहीत. मंदीत नोकरी आणि बाजार एकदमच जातात. मग पडत्या भावात विकणे भाग पडते, नाहीतर बाईच्या अंगावरचे सोने गहाण पडते.

हे झाले शेअर घेऊन ठेवणाऱ्यांचे. ‘फ्युचर्स-ऑप्शन्स’ हा प्रकार तर उघडउघड सट्टा आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तीन वर्षांत यात उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. हा पैसा हवेत विरला नाही. त्याच पाहणीप्रमाणे परकीय संस्था आणि मोठ्या दलाल पेढ्या संगणकाच्या जोरावर फायद्यात होत्या. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायका दारूबद्दल बोलतात, मारहाणीबद्दल बोलतात. अलीकडे त्यांच्या बोलण्यात फोनवरच्या या सट्ट्याचे आणि त्यापायी झालेल्या कर्जाचे उल्लेख येऊ लागले आहेत. काहींच्या बाबतीत तर खाते बायकोच्या नावाचे, पॅन तिचा, सही तिची. आणि ओटीपी येतो तो नवऱ्याच्या फोनवर. कराची नोटीस मात्र तिच्या नावे येते.

याला ‘धंद्यातली खोट’ म्हणून सोडून द्यायचे का? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळाची जी व्याख्या आहे, तिच्यात स्त्रीधन आणि तिचा हक्क असलेले शेअर, रोखे परस्पर विकून टाकणेही येते. मालमत्ता विकण्यास आणि बँक खाती, लॉकर वापरण्यास मनाई करणारा आदेश न्यायालयाकडून मिळू शकतो. कायदा आहे. तो वापरायचा तर आधी घरात पैसा कुठे आहे हे बाईला माहीत हवे. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) काय दिसले? स्वतः वापरतात असे बँक खाते सुमारे ७९ टक्के स्त्रियांकडे होते. पण स्वतःच्या मर्जीने खर्च करता येतील असे पैसे जेमतेम ५१ टक्के जणींकडे. खाते आले, सत्ता आली नाही.

म्हणूनच ‘गुंतवणूक करणारी स्त्री म्हणजे सक्षम स्त्री’ ही घोषणा मला मान्य नाही. तशीच ‘बायकांनी या भानगडीत पडू नये’ ही भाषाही मान्य नाही. पहिलीत कंपन्यांचा फायदा आहे, दुसरीत नवऱ्यांचा. आपण मधली, कष्टाची वाट धरली पाहिजे. बचत गटाचा अडीअडचणीचा पैसा कोणाच्याही सांगण्यावरून बाजारात जाऊ देऊ नये. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये ठेवू नये. न वाचता, न समजता डीमॅटच्या कागदावर सही करू नये, आणि आपल्या नावाच्या खात्याला आपलाच फोन नंबर जोडावा. सल्ला केंद्रांनी तक्रार लिहून घेताना नवऱ्याच्या कर्जाबरोबरच घरातल्या ट्रेडिंग खात्यांचीही चौकशी करावी.

एवढ्याने भागणार नाही. घरोघरच्या बचतीला जगाच्या वाऱ्यावर सोडायचे आणि मग ‘बाजारात जोखीम असतेच’ म्हणायचे, हे धोरण आपण मुकाट्याने मान्य करता कामा नये. महागाईला पुरून उरेल असे अल्पबचतीचे व्याज आणि असंघटित कामगार बायकांना हक्काचे पेन्शन, या मागण्या आपल्या मोर्च्यांत रेशन आणि किमान वेतनाच्या शेजारी आल्या पाहिजेत. मैत्रिणींनो, आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. सुरुवात एका साध्या प्रश्नाने करता येईल: आपल्या घरातला पैसा कुठे आहे, हे इथे बसलेल्या किती जणींना सांगता येईल?