लेडनच्या बरणीचे तीन धनी

विजेच्या शोधांवरून झालेली भांडणे म्हटली की एडिसन आणि टेस्ला यांचीच नावे निघतात. मला त्याआधीचा, वीज साठवणाऱ्या लेडनच्या बरणीवरून १७४५-४६ मध्ये झालेला एक वाद जास्त अस्वस्थ करतो. त्यात चोरी नव्हती, कोर्टकज्जे नव्हते. तरीही श्रेयाची वाटणी न्यायाने झाली नाही.

पोमेरेनियातल्या कामिनच्या कॅथेड्रलमधला धर्माधिकारी एवाल्ड फॉन क्लाइस्ट याने ऑक्टोबर १७४५ मध्ये औषधाच्या बाटलीत खिळा घातला, बाटली हातात धरली आणि खिळा घर्षणयंत्राने भारित केला. मग दुसऱ्या हाताचे बोट खिळ्याला लागताच जबर झटका बसला. त्याने हे लपवले नाही. बर्लिनसह अनेक ठिकाणच्या जाणकारांना पत्रे लिहिली. त्यांनी प्रयोग करून पाहिला, पण बहुतेकांच्या पदरी काहीच पडले नाही. भारित करताना बाटली हातातच हवी आणि धरणाऱ्याचे पाय जमिनीला टेकलेले हवेत, हे त्या पत्रांतून त्यांना उमगलेच नाही.

खरी गंमत इथेच आहे. ज्या वस्तूत वीज भरायची ती काचेवर किंवा मेणावर ठेवून जमिनीपासून तोडायची, असा तेव्हाचा पक्का नियम होता. नेदरलँड्समधल्या लेडनला प्राध्यापक पीटर फान मुशेनब्रुक यांच्या प्रयोगशाळेत तो कसोशीने पाळला जाई. तिथे येणारा आंद्रेआस क्युनेअस हा वकील. त्याला हा नियम ठाऊक नव्हता. घरी एकट्याने प्रयोग करताना त्याने पाण्याची बरणी सरळ हातात धरली आणि झटका खाल्ला. आत पाणी, बाहेर तळहात, मध्ये काच. वीज साठवणारा कपॅसिटर म्हणतात तो हाच.

मुशेनब्रुक यांनी मग स्वतः तो झटका घेतला. जानेवारी १७४६ मध्ये त्यांनी पॅरिसला शास्त्रज्ञ रेओम्युर यांना सगळी मांडणी लिहून कळवली आणि फ्रान्सचे राज्य दिले तरी हा प्रयोग पुन्हा करणार नाही, असेही लिहिले. पॅरिसमध्ये भौतिकशास्त्रज्ञ नोले यांनी त्या बरणीला लेडनचे नाव दिले. त्यांनी राजासमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभे केले आणि सगळ्यांना एकाच वेळी उसळायला लावले. नाव युरोपभर झाले ते असे.

आधी कोण, याचे उत्तर क्लाइस्ट असेच द्यावे लागते, आणि जर्मनमध्ये तिला क्लाइस्टची बाटली असेही म्हणतात ते रास्तच आहे. पण लेडनचे नाव टिकले यात मला अन्याय दिसत नाही. दुसऱ्याला जसाच्या तसा करता येईल असा प्रयोग सांगणे हाही शोधाचाच भाग आहे, आणि ते काम मुशेनब्रुक यांच्या पत्राने केले. मला खुपते ते क्युनेअसचे. दोन्ही नावांत तो कुठेच नाही. लेडनमध्ये तो पक्का नियम मोडणारा हात त्याचा होता. विज्ञानाच्या पुस्तकांत लेडनच्या बरणीचे चित्र छापताना खाली क्लाइस्ट आणि मुशेनब्रुक यांच्याबरोबर या वकिलाचेही नाव द्यायला हवे.