मार एकाला, धसका अख्ख्या बेड्याला. पोलिसी मारहाणीचा मनावर काय परिणाम होतो?

धनज (जि. वाशीम) : वाशीम-अमरावती पट्ट्यात कुठे चोरी झाली की संशय आधी पारधी बेड्याकडे वळतो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारायला सुरुवात केली. पारधीही त्यात सापडले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. संशय राहिला.

पोलीस एकाला उचलून नेतात, पण ज्यांना हातही लागला नाही त्यांचे काय? रात्री गाडीचा आवाज आला की दचकून उठणारी मुले कुठल्याच नोंदीत नसतात.

अमेरिकेतील एक अभ्यास २०१८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. निःशस्त्र कृष्णवर्णीय व्यक्ती पोलिसांकडून मारली गेली, की त्याच राज्यातील इतर कृष्णवर्णीयांचे मानसिक आरोग्य त्यानंतर बिघडलेले दिसले. गोऱ्यांमध्ये तसे दिसले नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालानुसार कोठडीतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, अटकेवेळी तिने मागणी केल्यास अंगावरच्या जखमाही नोंदवायला हव्यात. वळ दिसतात, म्हणून लिहिले जातात (तेही लिहिले गेले तर). बेड्यावर मागे राहिलेल्यांची तपासणी कोणी करत नाही.

'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. पण ज्याला सरकारचीच भीती वाटते, तो सरकारी क्रमांक कशाला फिरवेल? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकानेच बेड्यावर जावे. सोबत ओळखीची आशाताई असावी, खाकीतले कोणी नको. आणि एकदाच नाही, दर महिन्याला.