काठीची उंची

मुलगा ही म्हातारपणाची काठी, असे आपली भाषा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहे. परंतु दसरा उलटताच ज्या मुलखातील तरणीताठी माणसे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडांकडे निघून जातात, त्या बीड जिल्ह्यात ही काठी वर्षातील कित्येक महिने परमुलखी असते, आणि मागे राहिलेल्या वृद्धाच्या हाती उरते ती लाकडाची.

अशी एक काठी मी आष्टी तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर, एका वयोवृद्ध धनगराच्या हाती पाहिली. बोरीची फांदी खोडातून जेथे फुटली होती तेथील गाठच किंचित तासून तिची मूठ केलेली होती, आणि त्या गाठीत मेंढ्याचे मस्तक दिसावे एवढ्याच बेताने तापल्या सळईने दोन डोळे डागले होते. मुठीलगतचा आखूड फाटा मुद्दाम राखला होता, कारण बाभळीची डहाळी खाली ओढून शेळ्यांना शेंगा चारायच्या तर आकडी हवी. ओली फांदी उन्हात तडकते म्हणून सावलीत वाळवावी, वाकडी असल्यास आरावर शेकून गुडघ्याखाली दाबावी, मग करडईच्या तेलाचा हात फिरवावा, हे सारे शास्त्र त्याने दोन वाक्यांत उरकले.

जुन्या काठ्यांचा सरसकट गौरव करण्याचा माझा मानस नाही; वेसकराच्या घुंगूरकाठीबरोबर महारांच्या माथी आलेली वतनाची वेठ डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने झुगारली, हे उचितच झाले. आधाराची काठी मात्र कोणाच्या हुकमाची ताबेदार नसते.

केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून २०१७ पासून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठ्यादी साधने दिली जातात, आणि राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेने २०२४ मध्ये पासष्टी गाठलेल्या पात्र वृद्धांच्या खात्यात अशा साधनांसाठी एकरकमी ३००० रुपये जमा करण्याची तरतूद केली. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. अ‍ॅल्युमिनियमची काठी हलकी, बटण दाबून कमीजास्त होणारी, रबरी टोपणामुळे फरशीवर न घसरणारी. दवाखान्याच्या ओसरीत तिचे श्रेष्ठत्व मी बिनतक्रार मान्य करतो. पण श्रावणात काळ्या रानाच्या चिकट मातीत ते टोपण रुतून बसते आणि म्हातारा टोपणावाचून पुढे निघतो. शिवाय त्या गुळगुळीत नळीने बाभळीची शेंग काही खाली येत नाही.

म्हणून सरकारदरबारी माझा अर्ज इतकाच, की अशा योजनांची शिबिरे भरतील तेव्हा तेथे गावच्या सुतारालाही एक पाट मांडून द्यावा. वृद्धाला समोर उभे करून त्याच्या मनगटाच्या उंचीची, त्याच्याच बांधावरच्या बोरी-बाभळीची काठी ज्याला हवी त्याला ती घडवून मिळावी. घडवणाऱ्याच्या सहीची साधी पावती दुकानाच्या छापील बिलाइतकीच ग्राह्य धरावी. यात खजिन्यावर नवा बोजा नाही, आणि खेड्यातला पैसा खेड्यातल्या वाकसाला मिळतो.

निघताना मी त्या धनगराला विचारले, इतक्या वर्षांत काठी झिजून आखूड झाली असेल, नवी का करीत नाही? त्याने काठीचे टोक न्याहाळले आणि म्हणाला, "बोटभर ही झिजली, बोटभर म्या वाकलो. बरोबर बसतंय की अजून."