हा बाऊल नेमका कुणाचा?

कळस म्हटलं की पुण्यातल्या मंडळींना विश्रांतवाडीच्या पुढचं कळस आठवतं. आमचं कळस ते नव्हे. आमचं इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरच्या बाजूचं, उसाच्या पट्ट्यातलं. गेल्या दिवाळीनंतरच्या वीकेंडला तिथे आत्याकडे गेले होते. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरल्यामुळे माळ्यावरचं सगळं सामान ओसरीवर आलं होतं. पितळी घंगाळं, फुटकी बरणी आणि या सगळ्यात एक काचेचा बाऊल. पसरट, जाड, बाहेरून हिऱ्यासारख्या पैलूंची नक्षी आणि रंग किंचित जांभळट. आपण तर बघताक्षणीच फिदा!

पण फिदा होणारी मी एकटी नव्हते. जुन्या वस्तू घेणारा एक माणूस आदल्या दिवशीच येऊन गेला होता. बाऊलचे तीन हजार द्यायला तयार होता आणि ‘बेल्जियमचा आहे’ असं घरच्यांनी लिहून दिलं तर सहा हजार. आतेभावाचं म्हणणं साधं होतं, ‘‘दोन ओळी लिहायच्यात, काय बिघडतंय?’’ आत्याचं वेगळंच. ‘‘आगं, बेल्जम कसलं? तुझ्या आज्यानं कऱ्हाडहून आणलाय त्यो. ओगल्यांचा हाय.’’

आता आली का पंचाईत! बाऊलवर नाव नाही, नंबर नाही, काही नाही. मग ओळखायचं कसं?

त्यासाठी आधी बाऊल बनतो कसा, ते बघू. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकायचा आणि वरून दट्ट्या दाबायचा. ही ‘प्रेस्ड ग्लास’. अमेरिकेत 1820 च्या दशकात ही पद्धत रुळली आणि श्रीमंतांच्या कट ग्लासची नक्षी मध्यमवर्गाच्या टेबलावर आली. ओळखायची खूण सोपी. बाहेर नक्षी असली तरी आतून हात फिरवा, गुळगुळीत लागतं, कारण आत दट्ट्या असतो. साच्यात फुंकलेल्या काचेत बाहेरचे उंचवटे आतूनही हाताला लागतात. शिवाय साचा जिथे जोडलेला असतो तिथे बारीक शिवण दिसते. आमच्या बाऊलला दोन्ही खुणा होत्या. म्हणजे प्रेस्ड, हे नक्की.

आता मेकर. इंग्लंडमधल्या गेट्सहेडची सोअर्बी कंपनी 1876 पासून मोराच्या डोक्याचा शिक्का मारायची. ब्रिटिश डिझाइनवर 1842 ते 1883 चौकटीचं चिन्ह असायचं आणि 1884 पासून ‘आर.डी.’ अक्षरांपुढे नंबर. बाऊल चिंचेनं धुऊन, तिरका धरून मोबाइलच्या टॉर्चखाली पाहिला. चिन्ह नाहीच. पण शिक्का नाही म्हणजे इंग्लिश नाही, असंही होत नाही, कारण बराचसा माल बिनशिक्क्याचाच निघायचा.

मग रंग. काचेतली लोखंडाची हिरवट झाक मारायला कारखाने मँगेनीज घालायचे. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळट होते. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘लोणच्याच्या फोडी वाळवायच्या ना यात, माळवदावर.’’ सही! नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारला तर बाऊल अंधारात फिकट हिरवा चमकला. मँगेनीजची काच अशी चमकते. युरेनियमची याहून खूपच भडक. पहिल्या महायुद्धानंतर मँगेनीजचा वापर कमी होत गेला, म्हणून बाऊल जुना असण्याची शक्यता वाढते. पण ‘वाढते’ एवढंच. रंगावरून कारखान्याचं नाव कळत नाही.

आणि ओगले? मराठी माणसानं काच बनवायचं मनावर घेतलं ते स्वदेशीच्या काळात. अंताजी दामोदर काळ्यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभा केला, त्याला टिळकांचा पाठिंबा मिळाला आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. 1916 मध्ये ओगले बंधूंचा कारखाना कराडजवळ आला आणि त्या जागेची ओगलेवाडीच झाली. ‘प्रभाकर’ कंदील त्यांचाच. कराडचं रेल्वे स्टेशनही ओगलेवाडीलाच. तेव्हा आज्याला तिथलीच वस्तू दिसली असेल, हे अगदी शक्य आहे. पण कराडच्या बाजारात परदेशी मालही मिळत असणार. कराडहून आणला म्हणजे कराडला बनला, असं नाही ना!

मग खात्रीचा मार्ग कोणता? कारखान्याचा जुना कॅटलॉग. त्यातलं चित्र आपल्या वस्तूशी ताडून बघायचं. नुसती नक्षी नव्हे, तर तळाच्या चांदणीला टोकं किती, शिवणी किती, कडेचे दाते किती आणि मापं काय, हे सगळं जुळायला हवं. लोकप्रिय नक्षी सगळेच उचलायचे आणि साचेही एका कारखान्यातून दुसऱ्याकडे जायचे, म्हणून एवढं बारकाईनं बघावं लागतं. आमच्या बाऊलचं असं चित्र मला अजून सापडलेलं नाही.

आत्याला हे सगळं सांगितलं. वाटलं, हिरमुसेल. ती म्हणाली, ‘‘म्हंजे ओगल्यांचा असंल, नसंल. पर बेल्जमचा हाय असं तरी कुणाला ठावं?’’ दुसऱ्या दिवशी माणूस आला. आत्यानं सरळ सांगितलं, ‘‘कुणी बनवला ठाऊक न्हाई, एवढंच लिहून दीन.’’ त्याच्या भावात एकदम दीड हजार उरले. आतेभाऊ माझ्याकडे बघून चडफडला. आत्यानं बाऊल उचलला आणि आत नेला.

निघताना मी एक चिठ्ठी लिहून बाऊलमध्ये ठेवली. कुणी आणला, कुठून आणला, कुणी सांगितलं. ‘ओगल्यांचा’पुढे मात्र प्रश्नचिन्ह. तुमच्याही माळ्यावर असं काही असेल तर आत्या, आजी आहेत तोवर विचारून घ्या. कॅटलॉग उद्याही मिळेल, कऱ्हाडहून कोण घेऊन आलं ते सांगणारं माणूस मिळेलच असं नाही.