कानांचा तास

धरमतरच्या खाडीकाठी, जेथे अंबा नदी भरती-ओहोटीच्या हुकमतीखाली जाते आणि मालवाहू बार्जांची ये-जा चालू असते, तेथील एका मराठी शाळेत इंग्रजी श्रवणाचा पाठ पाहण्याचा योग नुकताच आला. सन 2000 पासून राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते, पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने आकाशवाणीमार्फत तिचे पाठही वर्गांपर्यंत पोहोचविले; तथापि वाचन-लेखनाच्या दप्तरात श्रवणाची नोंद अद्यापि समासातच राहिली आहे.

ध्वनिमुद्रण लावण्यापूर्वी बाईंनी कोण, कोठे आणि कशासाठी एवढेच प्रश्न फळ्यावर लिहिले, आणि त्यामुळेच मुले शब्दाशब्दाचा पाठलाग न करता अर्थाच्या मागे गेली. दुसऱ्या आवर्तनात तपशील विचारला गेला, तेव्हा 'शिप' आणि 'शीप' यांतील अंतर ओळखणे, बोलताना ऱ्हस्वदीर्घाचा फारसा मुलाहिजा न ठेवणाऱ्या आपल्या कानांना किती दुष्कर आहे, हे स्पष्ट दिसले. (खाडीवरच्या मुलांनी जहाजालाच कौल दिला, हे ओघाने आलेच.) मध्येच एका वाक्याचे भाषांतर घाईने पुरविले गेले मात्र, वर्गाचे ऐकणे तत्क्षणी थांबले, आयता अर्थ मिळाल्यावर कष्ट कोण घेणार?

अशा पाठाच्या तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांची नजर बहुधा शिक्षकावर आणि पाठ टाचणावर खिळलेली असते. त्यांस आमचा अर्ज एवढाच की, त्यांनी शेवटच्या बाकावर बसून मुलांचे चेहरे पाहावेत, आणि शेरेबुकात बरोबर उत्तरांच्या संख्येऐवजी मुलांनी ऐकणे कोठे व कशामुळे सोडले, याची नोंद करावी.