मैदान कोणाचे?

एखादा संघ हरला की पराभवाची कारणे खेळाडूंच्या उंचीत, आहारात अथवा हवामानात शोधण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. युगांडाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा इतिहास या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. १९२६ साली केनिया व युगांडा या ब्रिटिश अमलाखालील प्रदेशांत गॉसेज चषकाची स्पर्धा सुरू झाली. चषकाला नाव इंग्रज साबण-कारखानदाराचे होते; खेळ मात्र आफ्रिकी जनतेने आपलासा केला. १९७८ साली युगांडाने आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली आणि घानाकडून ०-२ असा पराभव स्वीकारला. त्यानंतर इदी अमीनची हुकूमशाही कोसळली, यादवी माजली, आणि त्या स्पर्धेत पुन्हा पाऊल ठेवण्यास २०१७ साल उजाडावे लागले. एकोणचाळीस वर्षांत पायांतील कसब आटत नसते. आटतो तो त्याला पोसणारा सार्वजनिक जीवनाचा झरा.

महाराष्ट्राची कथा यादवीवाचूनही फारशी निराळी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी याच शहरात रोव्हर्स चषक सुरू झाला. तो प्रथम गोऱ्या पलटणींचा होता; १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकून ती मक्तेदारी मोडली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा टाटांच्या संघातला. परंतु मालकाच्या मर्जीवर उभा असलेला खेळ मालकाच्या मर्जीनेच संपतो. महिंद्र युनायटेड २०१० साली विसर्जित झाला. रोव्हर्स चषक त्याआधीच बंद पडला होता. याउलट कोल्हापुरात पेठांच्या तालमींनी जोपासलेला फुटबॉल आजही हजारोंची गर्दी खेचतो, कारण तो तेथील लोकांचा आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला.

मग सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडच्या मुलाने कोठे जावे? तेथे ना पेठ, ना कंपनी. अवर्षणाने पिचलेल्या भागात पाणी आधी, चेंडू नंतर, असा आक्षेप घेतला जाईल. तो वरकरणी बिनतोड वाटतो. पण पाणी व मैदान ही एकमेकांची वैरी नव्हेत. दोहोंची उपेक्षा करणारी सत्ता एकच आहे. लोखंडे यांनी मजुरीच्या प्रश्नासाठी विश्रांतीचा प्रश्न मागे ठेवला नाही. श्रमिकाला केवळ पोट नसते, मनही असते, हे त्यांनी ओळखले होते.

याच तालुक्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला. धनिकांच्या मोटारींचा वेग वाढावा म्हणून शासनाला हजारो एकर जमीन संपादन करता आली. मग प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवे, असे सांगणारा २००९ चा शिक्षणहक्क कायदा गावोगावी अमलात आणायला जमीन नाही, हे कोणी मानावे?

दुसरबीडच्या ग्रामसभेने हा प्रश्न ठरावाच्या रूपाने मांडावा. एक सपाट तुकडा, दोन गोलखांब आणि एक चेंडू यांहून अधिक भांडवल या खेळाला लागत नाही. तेवढेही द्यायला जे शासन तयार नाही, त्याला राष्ट्रीय संघाच्या पराभवावर अश्रू ढाळण्याचा अधिकार नाही.